जाळीतलं शेवाळ

४ फेब्रुवारी

दाजी,

नमस्कार. तुमचं पत्र येऊन नऊ दिवस झाले. कामामुळे उत्तराला उशीर झाला असं लिहिणार होतो, पण काम काही नव्हतं. वर्कशॉपमध्ये सध्या एकच इंजिन उघडून पडलंय आणि त्याच्या मालकालाही घाई नाही.

पहिल्याच ओळीत तुम्ही लिहिलंय, 'सहा वर्षं झाली, आता तरी तुझा राग निवळला असेल.' दाजी, मी रागावलेलो नाही. तेव्हाही नव्हतो. तुमच्या आधीच्या दोन पत्रांना उत्तर दिलं नाही, ताईचे फोन उचलले नाहीत, त्यामुळे तुम्हाला तसं वाटणं साहजिक आहे. पण तो राग नव्हता. काय होतं ते पुन्हा कधीतरी लिहीन.

बारकी तेवीस वर्षांची झाली आणि स्वतःची बोट घेतेय हे वाचून बरं वाटलं. माझ्या डोळ्यांसमोर ती अजून धक्क्यावर बसून पाय हलवणारीच आहे. आता ती हौशी मासेमारांना घेऊन नदीत वरपर्यंत जाणार आणि हंगामात खाली खाडीतून समुद्रात उतरणार. म्हणजे आपण दोघांनी जे करायचं ठरवलं होतं, तेच. आणि तुम्ही मला विचारताय की जेट घ्यावी की पंख्याची. दाजी, या प्रश्नावरून आपण एक अख्खा हंगाम भांडलो होतो. ताई जेवायला वाढताना म्हणायची, बोटीचं नाव काढाल तर ताटं उचलीन.

तर ऐका. पंखा पाण्याखाली असतो आणि पाणी घट्ट धरतो. समुद्राच्या लाटेवर बोट उचलली गेली तरी तो आपली पकड सोडत नाही. डिझेल कमी पितो, ओढ जास्त देतो, आणि बिघडला तर कुठल्याही धक्क्यावर कुणीही दुरुस्त करतं. जेटला खाली काहीच लोंबत नाही. पोटातल्या जाळीतून ते पाणी आत ओढतं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकतं. म्हणूनच मी तुमच्या बोटीला पिचकारी म्हणायचो. उथळ पाण्यात, दगडगोट्यांवरून, वीतभर पाण्यातूनही ते निघून जातं, हे मान्य. पण समुद्रात लाटेवर उडालं की पाण्याऐवजी हवा गिळतं. खारं पाणी आतून धुवून काढलं नाही तर सडतं. आणि जाळीत शेवाळ अडकलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

तेव्हा पंख्याचीच घ्या. तुमच्याकडची नदी उथळ आहे हे मला माहीत आहे. पण पोरगी जपून चालवेल.

हात कसा आहे? गळाची गाठ मारता येते का? ताईला नमस्कार सांगा. तिनं घेतला तर.

तुमचा मेहुणा


२२ फेब्रुवारी

दाजी,

तुमचं पत्र आज सकाळी मिळालं.

बारकीच्या हनुवटीला सात टाके पडले हे वाचून हातातला पाना खाली ठेवला. तिनं माझ्या सांगण्यावरून पंख्याची बोट चालवून बघायला आणली, दुसऱ्याच वळणावर पाण्याखालच्या दगडाला पंखा लागला, एक पातं उडालं, बोट प्रवाहात आडवी झाली आणि ती पाण्यात फेकली गेली. एवढं होऊन तुम्ही लिहिताय, 'तुझा सल्ला बरोबरच होता, पोरीलाच पाणी वाचता आलं नाही. तू मनाला लावून घेऊ नकोस.'

तिला पाणी वाचता येतं, दाजी. तुम्ही शिकवलंय तिला.

मी जरा जास्तच ठामपणे लिहिलं होतं. तुमच्या नदीचा विचार केला तर जेट बरी पडेल असं आता वाटतं. शेवाळाचं एवढं भय बाळगू नये. जाळीवर झाकण असतं, ते वरून उघडून दोन मिनिटांत साफ करता येतं. आपल्या वेळी योग वाईट होता, दुसरं काही नाही.

तिला जपा.

तुमचा मेहुणा


२३ फेब्रुवारी

दाजी,

कालचं पत्र पाकिटात घालून पोस्टाच्या पेटीपर्यंत गेलो. तिथून परत आलो. ते पत्र फाडलं नाही, यासोबतच पाठवतोय, म्हणजे मी कसा माणूस आहे ते तुम्हाला नीट दिसेल. 'योग वाईट होता' हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि मग हे वाचा.

जाळीत शेवाळ नव्हतं.

त्या दिवशी दुपारी खाडीच्या तोंडाशी तुम्ही बोटीच्या नाकावर उभे राहून पाण्याचा अंदाज घेत होतात आणि मी चालवत होतो. तुमच्या जेटला मी तोवर हात लावला नव्हता. पहिल्या आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, 'एक तास दे मला, शिकवतो. याची सवय वेगळी आहे.' मी सगळ्या धक्क्यासमोर म्हणालो, 'मला शिकवणार? तीस वर्षं बोटी चालवतोय मी.' लोक हसले, तुम्हीही हसलात आणि विषय सोडलात. पुढे दोन महिने जेट एकदाही अडली नाही. येणारा-जाणारा मला विचारायचा, काय, पिचकारी कशी चाललीय? नाक वर करून बोललो होतो, आता ते खाली घ्यायची माझी तयारी नव्हती. त्या दिवशी तुम्ही दमला होतात म्हणून मी स्टिअरिंग मागितलं. मला दाखवून द्यायचं होतं की यात शिकण्यासारखं काही नाही.

मागून लाट आली आणि बोट काळ्या खडकाकडे सरकली. पंख्यावर वाढलेला माणूस अशा वेळी काय करतो? रेस सोडतो आणि चाक फिरवतो. बोट हळू होते, पंख्याचा दांडा पाण्यात असतो, त्याच्या आधारानं थोडी तरी वळते. मी तेच केलं. पण जेट वळतं ते मागून फेकलेल्या पाण्याच्या जोरावर. रेस सोडली की तो जोर संपला, आणि चाक कितीही फिरवा, बोट सरळच जाते. जेटवर भीती वाटली की रेस वाढवायची असते. तुम्हाला शिकवायचं होतं ते एवढंच.

मी चाक पूर्ण फिरवलं होतं, दाजी. बोट सरळ गेली. कठडा आणि खडक यांच्यात तुमचा उजवा हात सापडला. तुम्ही काहीतरी ओरडलात, पण लाटांच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. जे केलं ते माझ्या हातानं सवयीनं केलं. एवढं माझ्या बाजूनं धरा, बाकी काही धरू नका.

कारण पुढचं मी थंड डोक्यानं केलं.

लोकांनी तुम्हाला उचलून नेलं. मी म्हणालो, मी बोटीपाशी थांबतो. ओहोटी लागली होती, बोट खडकावर एका कुशीवर कलली होती आणि तिच्या पोटातली जाळी समोर उघडी दिसत होती. स्वच्छ होती. मी खडकावरचं शेवाळ दोन मुठी उपटलं आणि जाळीत कोंबलं. अंगठ्यानं दाबून दाबून कोंबलं. तासाभरानं धक्क्यावरचा तपासनीस आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, 'मी सांगत होतो, या पाण्यात जेट नको.' मी मान हलवली.

दवाखान्यात तुम्ही अर्धवट शुद्धीत मला विचारलं होतं, 'मी रेस दे म्हणून ओरडलो होतो का रे?' मी म्हणालो, 'ते आठवत नाही, पण रेस दिली होती. जाळी तुंबली होती, तिनं पाणीच ओढलं नाही.' मग हाताला एवढं मोठं बँडेज, तरी डाव्या हातानं माझा हात धरून म्हणालात, 'माझ्या हट्टापायी तुझाही जीव गेला असता. मला माफ कर.'

आणि मी म्हणालो, 'असू द्या.'

खडक नाही, शेवाळ नाही, हे दोन शब्द मला खातात. सहा वर्षं तुम्ही पत्रांतून माफी मागत राहिलात आणि मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर दिलं असतं तर पुन्हा 'असू द्या' लिहावं लागलं असतं. तुम्ही धंदा सोडला, गाव सोडलं, वरच्या गावात दुकानात बसून दुसऱ्यांना गळ विकू लागलात. मी रागावलोय असं ताईला वाटत राहिलं आणि मी तसं वाटू दिलं. रागावलेल्या माणसाला निदान थोडा मान असतो.

बारकीला जेटच हवी. तुमच्या नदीला दुसरं काही चालणारच नाही, हे मला पहिलं पत्र लिहितानाही माहीत होतं. जेट चांगली म्हटलं असतं तर तुम्ही विचारलं असतं, मग आपल्या बोटीचं काय झालं? तो प्रश्न येऊ नये म्हणून मी पोरीला दगडांवर पाठवलं.

अजून एक. तुमची बोट भंगारात घातली असं मी कळवलं होतं. ती इथेच आहे, वर्कशॉपच्या मागे, ताडपत्रीखाली. तिला भंगारात घालायला हात लावावा लागला असता. ती बारकीची आहे. दुरुस्त करून स्वतः घेऊन येतो, तिला चालवायला शिकवतो. तुम्ही म्हणाल तेव्हा निघतो.

मेहुणा म्हणवून घ्यायला आज जड जातंय.


१४ मार्च

दाजी,

तुमचं कार्ड मिळालं. 'बोट पाठव. तू येऊ नकोस.' डाव्या हाताचं अक्षर आता किती वळणदार झालंय तुमचं. मी ते कार्ड तीन-चार वेळा उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का म्हणून. काही नव्हतं. असावं अशी अपेक्षा करण्याचाही मला हक्क नाही.

ताडपत्री काढली. त्या दिवसानंतर बोटीला कुणीच गोडं पाणी पाजलं नव्हतं. समुद्रातून आली की पहिलं काम पाईप लावून जेट आतून धुवायचं, हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा बजावतो की ती माझ्या मागे माझी नक्कल करतात. आणि माझ्याच छपराखाली एक जेट सहा वर्षं मिठात सडत होतं. आतलं ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखं झालंय. पाणी फेकणारं चाक घट्ट बसलंय, बेअरिंगं गेलीत. खालचं सांगाडा-पत्र्याचं काम तेवढं शाबूत आहे, आणि खडकाचा पोचा.

जाळीत शेवाळ अजून होतं. वाळून कडक झालेलं, काळं, हात लावला की चुरा होणारं. जेटनं ओढलं असतं तर त्याचे तुकडे आतल्या चाकाभोवती गुंडाळलेले सापडले असते. आत एक तंतू नाही. सगळं बाहेरून कोंबलेलं, मुळांसकट, आणि एका मुळाला खडकाचा कपचा चिकटलेला. नवशिक्या मेकॅनिकलाही एका नजरेत कळलं असतं. पण तपासनीसाला जे बघायचं होतं ते त्यानं बघितलं, आणि मेकॅनिक मी होतो.

हे सगळं एका डब्यात घालून ठेवलंय. तुम्हाला बघायचं असेल तर पाठवीन, नाहीतर माझ्याकडेच राहील.

काल धक्क्यावर गेलो. जुने पाच-सहा जण होते, तो तपासनीसही आता निवृत्त होऊन तिथेच गप्पा मारत बसतो. त्यांना सांगितलं. चुकी जेटची नव्हती, दाजींची नव्हती, माझी होती, आणि शेवाळ मी घातलं होतं. एकानं चहा मागवला होता, त्यात माझा कप धरला नव्हता, एवढंच. तपासनीस मात्र निघताना म्हणाला, 'मला मूर्ख बनवलंस ते ठीक आहे रे. पण त्या माणसानं माझ्यासमोर तुझी बाजू घेतली होती.' ते मला माहीत नव्हतं, दाजी. तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

नवं चाक आणि बेअरिंगं आली की पंधरा दिवसांत बोट तयार होईल.


२ एप्रिल

दाजी,

बोट आज सकाळी ट्रकवर चढवली. ट्रकवाला ओळखीचा आहे, सावकाश आणेल. पोचा काढलाय, रंग दिलाय. वरच्या झाकणाची किल्ली या पाकिटात आहे.

तुम्ही येऊ नको म्हणालात, म्हणून बारकीला जे समोर बसून सांगायचं होतं ते लिहितोय. तुम्हाला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तरी लिहू द्या.

उथळ पाण्यात बोट थांबवायची नाही आणि उथळ पाण्यात चालूही करायची नाही. थांबलं की जेट खालची वाळू आणि गोटे ओढतं. वेगात असलं की वीतभर पाणी पुरतं. थांबायचं असेल तर खोल डोहात जाऊन थांबायचं. ओढ कमी झाली आणि इंजिन उगाच ओरडायला लागलं, तर जाळी तुंबली असं समजायचं, बंद करून झाकण उघडायचं. समुद्रात मोठ्या लाटा असतील त्या दिवशी सरळ घरी बसायचं, या बोटीला ते जमत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. खाऱ्या पाण्यातून आली की पंधरा मिनिटं गोडं पाणी. दमली असली तरी, पाऊस असला तरी, गिऱ्हाईक चहाला बोलवत असलं तरी.

आता मुख्य.

बोट पाठवण्याआधी ती पाण्यात घालून बघणं भाग होतं. मंगळवारी सकाळी भरती असताना एकटाच खाडीच्या तोंडाशी गेलो. एक रिकामा प्लास्टिकचा डबा दोरीनं बांधून पाण्यावर सोडला आणि त्याच्यावर बोट नेली. ठरवून गेलो होतो की जवळ आलो की रेस वाढवायची आणि चाक फिरवायचं. सगळं माहीत होतं, तुम्हाला लिहूनही झालं होतं. डबा समोर आला आणि माझ्या हातानं रेस सोडली. डबा बोटीखाली गेला. पुन्हा नेली, पुन्हा सोडली. म्हटलं, या हातावर विश्वास ठेवून तुम्ही नाकावर उभे होतात.

तिसऱ्या वेळी मी तुमच्यासारखा ओरडलो. 'रेस दे, रेस दे!' एकटाच, मोठ्यानं, तुमच्या आवाजात. आणि हातानं दिली. बोट अशी वळली की मीच कठड्याला धडकलो. मग अकरा वेळा केलं. ओरडलो की दरवेळी हात ऐकत होता. शेवटी शेवटी ओरडावं लागलं नाही.

बारकीला हाच सराव द्या. आधी डबा, मग खडक. रोज, हाताला कळेपर्यंत. पंख्याच्या बोटीवर ती लहानपणापासून वाढलीय, तिचा हातही माझ्यासारखाच सवयीचा असणार. पहिले काही दिवस तुम्ही बोटीच्या नाकावर उभे राहू नका. मागे, तिच्या शेजारी बसा, आणि वेळ आली की ओरडा. ती विचारेल, मामाला हे कसं माहीत, तर सगळं सांगा. शेवाळाचंही सांगा.

तेवढंच राहिलंय असं वाटलं होतं. पण मंगळवारी परत येताना कळलं की अजून एक आहे, आणि ते न लिहिता ही किल्ली पाठवली तर ती बोट पुन्हा माझ्या खोट्यावरच चालेल.

फेब्रुवारीतल्या पत्रात लिहिलं की लाटांच्या आवाजात तुमचं ओरडणं ऐकू आलं नाही, आणि जे झालं ते हातानं सवयीनं केलं. दवाखान्यात म्हणालो, आठवत नाही. मला ऐकू आलं होतं, दाजी. स्पष्ट. तुम्ही दोनदा ओरडलात, 'रेस दे, रेस दे,' आणि माझा हात तेव्हाही रेसवरच होता, आणि खडकाला अजून वेळ होता. द्यायची की नाही एवढा विचार करण्याइतका वेळ होता. माझ्या डोक्यात आलं, हे आता मला शिकवणार.

म्हणून नाही दिली.

बारकी तुमचं ऐकेल.

तुमचा मेहुणा